वासावरून ओलीचा माग

गणपतीच्या आधी आठवडाभर लालबाग-परळच्या चाळींत पोटमाळे उघडले जातात. मखराच्या पट्ट्या, पडद्यांची कापडं, समया, एरवी न लागणारी मोठी पातेली खाली येतात आणि त्यांच्याबरोबर एक वासही खाली येतो. कसला वास, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "जुना वास." ऐन पावसाळ्यात बंद माळा उघडावा लागणं ही तशी गैरसोयच, पण बाप्पा भाद्रपदातच येतात, त्याला इलाज नाही.

"जुना वास" हे उत्तर मात्र आळसाचं आहे. जुनेपणाला स्वतःचा वास नसतो. शंभर वर्षांच्या कोरड्या सागवानी कपाटाला काहीही वास येत नाही असं होतं, आणि चार महिन्यांपूर्वी ताबा मिळालेल्या फ्लॅटमधलं नवंकोरं कपाट कुबट वास मारतं असंही होतं. वास येतो त्यामागे दोनच गोष्टी असतात. एक तर ओलीवर काही सजीव पोसले जात असतात, किंवा एखादा पदार्थ आतून हळूहळू तुटत असतो. त्यातलं काय चाललंय आणि कुठे, हे वासाच्या जातीवरून बऱ्यापैकी कळतं. आपल्या जुन्या बायकांना ते कळत असे, कारण त्या सगळ्या वासांना एकाच नावाने हाक मारत नसत. नीट न वाळलेल्या कपड्यांचा तो उबट. बंद खोलीचा, ओल धरलेल्या भिंतीचा कुबट. बुरा डोळ्यांना दिसायला लागला की बुरसट. मोरीच्या तोंडाशी मातकट, तेलाच्या डब्यांच्या फळीवर खवट, जुन्या निगेटिव्हच्या पाकिटात आंबूस. यातला प्रत्येक वास वेगळ्या रसायनाचा आहे आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा आहे. उदबत्ती हा यांपैकी एकाचाही उपाय नाही.

कुबट आणि बुरसट वासापासून सुरुवात करू. बुरशी भिंत खाते असं आपण म्हणतो, पण सिमेंटमध्ये आणि चुन्यात तिला खाण्यासारखं काही नसतं. ती खाते ते भिंतीवर चढलेलं: रंगातला डिंक, साचलेली धूळ, स्वयंपाकाच्या वाफेचा ओशट थर. पुस्तकाच्या बांधणीतली खळ, सुती साडीला दिलेली कांजी, चामड्याची चप्पल, खोबरं हे तिचं आणखी आवडतं. खाता खाता ती काही वायुरूप पदार्थ हवेत सोडते. त्यातला सगळ्यात ओळखीचा म्हणजे १-ऑक्टेन-३-ऑल. ताजी अळंबी चिरल्यावर येतो तो वास मुख्यतः याचाच. माणसाच्या श्वासात आणि घामातही तो किंचित असतो, म्हणून डास पकडायच्या सापळ्यांत आमिष म्हणूनही वापरतात. म्हणजे बुरशीच्या खोलीत डास जास्त, या तक्रारीत काही तथ्य असू शकतं, जरी खरं कारण बहुधा खिडकीखालचं तुंबलेलं पाणी असलं तरी.

मातकट वासाचं प्रकरण निराळं. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे मातीतले जिवाणू जिओस्मिन हे रसायन बनवतात. नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशव्हालिए यांनी १९६५मध्ये ते वेगळं काढून त्याला हे नाव दिलं. आपलं नाक जिओस्मिनच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग जिओस्मिन असलं तरी पुष्कळांना ते जाणवतं. पहिल्या पावसाच्या मृद्गंधात हेच रसायन असतं, आणि कनौजच्या अत्तरवाल्यांनी मातीचं अत्तर काढून शतकानुशतकं विकलं तेही याच वासाच्या मोहावर. मृद्गंधावर १९६४मध्ये पहिला गाजलेला शोधनिबंध लिहिणाऱ्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी या भारतीय अत्तराचा उल्लेख आवर्जून केला होता. मात्र तोच रेणू जूनच्या पहिल्या सरीत मोहवतो आणि ऑगस्टात मोरीच्या जाळीतून आला की आपण फिनेलची बाटली शोधतो.

तिसरा एक वास आहे, तो चिकट आहे. लाकडाला कीड लागू नये म्हणून पूर्वी क्लोरीनयुक्त फिनॉल लावत. ओलीत वाढणारी बुरशी या औषधाचं रूपांतर क्लोरोॲनिसोल नावाच्या पदार्थांत करते. बुचाच्या दोषाने बिघडलेल्या वाइनला जो कोंदट वास येतो तो याच कुळातला. स्वीडनमध्ये अशी औषधं लावलेल्या लाकडी घरांतल्या माणसांच्या कपड्यांना हा वास इतका बसतो की बाहेर गेल्यावर लोकांना तो जाणवतो. जुन्या वस्तूंच्या वासाचं एक मोठं कोडं इथे सुटतं: बुरशी पुसली, उन्हात मेली, तरी वास जात नाही. कारण लाकूड, कापूस, लोकर, कागद हे सगळे सच्छिद्र पदार्थ. बुरशीने सोडलेले वायू ते शोषून ठेवतात आणि मग महिनोन्महिने थोडे थोडे परत सोडत राहतात. दमट दिवशी जास्तच, कारण पाण्याची वाफ आत शिरली की ती वासाच्या रेणूंना जागेवरून हुसकावते.

आता दमट दिवसांचाच हिशोब. कुलाब्याला वर्षाला सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. बुरशीला रुजायला पृष्ठभागाशी साधारण ७०-७५ टक्के आर्द्रता पुरते. म्हणजे मुंबईत चार महिने बुरशीला गळक्या छपराचीही गरज नाही; नुसती हवाच पुरेशी आहे. पापड सादळतात, काडेपेटी सादळते, मीठ पाझरतं, दारं फुगून चौकटीत अडकतात. ८५ टक्के आर्द्रतेत साधारण लाकूड आपल्या वजनाच्या १८ टक्क्यांपर्यंत पाणी धरून बसतं. घरातली माणसंही यात भर घालतात. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. गिरणगावच्या एका खोलीत पाळीपाळीने अनेक कामगार झोपत, त्यांचे ओले कपडे तिथेच वलणीवर, भाताची वाफ तिथेच आणि मोरीही तिथेच. त्या खोल्यांचा वास कुबट नसता तरच नवल.

हवेच्या ओलीत भर पडते ती इमारतीच्या ओलीची. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारती बहुतेक एकाच पद्धतीने बांधलेल्या: काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब-तुळया, मधे विटा, जोडायला चुना, वर मंगलोरी कौलं. जोत्याखालची ओल केशाकर्षणाने विटांमधून वर चढते. पाण्याबरोबर क्षार चढतात, पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल सहज बाहेर पडत असे, भिंत जणू घाम गाळून मोकळी होई. नंतरच्या डागडुजीत ठेकेदारांनी त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला आणि त्यावर चकचकीत रंग. आत कोंडलेली ओल मग वर सरकते, सिमेंट जिथे संपतं तिथून फुटते आणि मालक म्हणतो, वरच्या मजल्यावरून गळतंय. पोपडे धरलेल्या भिंतीवर पुन्हा सिमेंट थापणं हा या शहरातला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी इलाज असावा.

ओल कुठली आहे हे बघायची एक साधी युक्ती आहे. भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला धरले तर ती खोलीच्या हवेतली आहे, आणि गवंड्याला बोलावून उपयोग नाही. डागही बोलतात. जमिनीपासून कमरेपर्यंत सरळ रेषेत चढलेली ओल जोत्याची. छतावरचा, तपकिरी किनारीचा गोल डाग वरच्या गळतीचा. कोपऱ्यात आणि कपाटामागे काळे ठिपके दिसले तर हवा तिथे पोचत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांशी ओल असेल तर ती पावसाच्या झडीची.

यातली मोरीची ओल मी सगळ्यात गंभीर मानतो. जुन्या चाळींत मोरी खोलीच्या आतच, लाकडी तुळयांवर टाकलेल्या कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर. फरशीचे सांधे सुटले की पाणी झिरपतं आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोकं कायम भिजत राहतात. तिथे लाकूड कुजवणारी बुरशी लागते. मोरीच्या आसपास अळंबीसारखा वास येत असेल आणि पायाखालची जमीन किंचित दबत असेल, तर तो वास घाण म्हणून सोडून देऊ नये. तुळई आतून पोकळ होत असल्याची ती खूण आहे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची पाहणी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करतं आणि धोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. पाहणीला आलेल्या इंजिनिअरला दर्शनी भिंतीवरच्या भेगा सगळेच दाखवतात. मोरीखालची तुळई दाखवणारा भाडेकरू विरळा.

या शहराने एके काळी वासालाच गुन्हेगार ठरवलं होतं. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले आणि पुढच्या काही महिन्यांत निम्मं शहर पळालं. रोग दूषित, कोंदट हवेतून पसरतो हा समज तेव्हा पुरता मेलेला नव्हता. मग सरकारी पथकं घरोघर शिरली. गटारांत समुद्राचं पाणी सोडलं, खोल्यांत कार्बोलिक ॲसिड शिंपडलं, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावं म्हणून छपरावरची कौलं काढली. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजीत यू.एच.एच. अशी अक्षरं रंगवली गेली. ज्यांची घरं होती त्यांनी या सगळ्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं असेल, हे सांगायला नको.

प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिनने १८९४मध्येच हाँगकाँगला शोधला होता. १८९८मध्ये पॉल-लुई सिमोंने कराचीत उंदरावरची पिसू रोग पसरवते असं दाखवलं, आणि पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधल्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेगच्या संशोधकांनी ते पक्कं केलं. वास निर्दोष सुटला. तोवर मुंबई सुधार ट्रस्ट १८९८मध्ये स्थापन झाला होता आणि त्याच्या डोक्यात हवा आणि उजेड पक्के बसले होते. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते दाट वस्ती चिरून काढले, त्यामागे समुद्राचा वारा आत खेळावा हाही हेतू होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२च्या सुमारास मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयाचा ध्यासच घेतला. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह त्यांनीच धरला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत रेघ ओढली तर तिने जमिनीशी केलेला कोन ६३½ अंशांपेक्षा जास्त नसावा. सोप्या भाषेत, दोन इमारतींमधलं अंतर उंचीच्या निम्मं तरी हवं. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीत आणि पारशी कॉलनीत आजही दोन घरांच्या मधे श्वास घेता येतो तो या विचारामुळे. चुकीच्या कारणासाठी केलेलं हे बरोबर काम होतं. प्लेग त्याने थांबला नसेल, पण अंधाऱ्या कोंदट खोलीत क्षय फोफावतो हे खरंच होतं. आज पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या किती इमारती या नियमात बसतील, हे वाचकांनी आपापल्या खिडकीतून बघावं.

शेजारीच परळ-लालबागच्या गिरण्यांना मात्र दमट हवा हवीच होती. १८५४मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीचा पाया घातला, तेव्हापासून मुंबईची हवा हे या धंद्याचं एक भांडवलच मानलं गेलं. कोरड्या हवेत सुताचा धागा ठिसूळ होऊन तुटतो. म्हणून साचेखात्यात हवेत पाण्याचे बारीक तुषार सोडून आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर ठेवत. मागावर चढवण्याआधी ताण्याला खळ लावत आणि खळ म्हणजे बुरशीचं जेवण; ती लागू नये म्हणून खळीत झिंक क्लोराइड मिसळत. बोटीतून जाणाऱ्या कापडाच्या गाठींना बुरशी लागणं हे एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांच्या भांडणाचं नेहमीचं कारण होतं. नव्या मांजरपाटाचा जो कोरा वास आपल्याला छान वाटतो, त्यात या खळीचा वाटा मोठा. तोच तागा खळीसकट ट्रंकेत ठेवून पावसाळा काढला तर वर ठिपके पडतात. कांजी केलेल्या सुती साड्या पावसाआधी धुऊन, कांजी काढून ठेवायच्या ही जुनी शिस्त त्यामुळे अगदी बरोबर आहे.

कपड्यांच्या उबट वासाचं गुपित बरंच अलीकडे उलगडलं. जपानी संशोधकांनी २०१२मध्ये दाखवलं की घरात अर्धवट वाळलेल्या कपड्यांना येणारा ओलसर, घामट वास मुख्यतः मोराक्सेला ओस्लोएन्सिस या जिवाणूमुळे येतो. तो माणसाच्या अंगावर राहतो, कपड्यांत उतरतो आणि कपडे जितके जास्त वेळ ओले राहतील तितका वाढतो. साधं वाळवणं त्याला पुरतं मारत नाही. म्हणून कालचा धुतलेला, वाळलेला टॉवेल आज अंग पुसताच पुन्हा वास मारतो. गॅलरीतल्या वलणीवर तीन दिवस लोंबकळणाऱ्या जीन्सचं दुखणं हेच. यावर जास्त साबण किंवा सुगंधी पाणी कामाचं नाही. एक तर कडकडीत गरम पाणी, किंवा किंचित ओलसर असतानाच गरम इस्त्री, आणि वाळताना पंखा. आपल्याकडे पावसाळ्यात लंगोट-दुपटी टोपलीखाली शेगडी ठेवून शेकून वाळवत, त्यात हेच शहाणपण होतं.

पुस्तकांच्या वासाबद्दल लोक भावुक होतात, तेव्हा थोडं कठोर बोललं पाहिजे. जुन्या पुस्तकाचे वास दोन असतात. पहिला कागद म्हातारा होण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. त्यातलं लिग्निन आणि सेल्युलोज हवेत हळूहळू तुटतात आणि व्हॅनिलिन, फरफ्युरल, ॲसेटिक ॲसिड असे पदार्थ बाहेर पडतात. म्हणून तो वास गोडसर, किंचित बदामी, किंचित आंबट. लंडनमध्ये मातिया स्ट्रलिच यांच्या गटाने २००९मध्ये पानाला हात न लावता, नुसत्या वासाच्या वायूंवरून कागदाची प्रकृती सांगायची पद्धत मांडली. २०१७मध्ये त्यांनी आणि सेसिलिया बेंबिब्रे यांनी जुन्या ग्रंथांच्या वासाचं चक्रच तयार केलं. बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात लोकांना पुस्तकाचा अर्क न सांगता हुंगायला दिला तर सगळ्यात जास्त लोकांना त्यात चॉकलेट आठवलं. आपल्याकडच्या माणसाला कदाचित बंद डब्यातला बदामी हलवा आठवला असता. १९०९च्या 'मनोरंजन'पासून सुरू झालेल्या दिवाळी अंकांची बांधीव थप्पी ज्यांच्या घरात आहे त्यांना हा वास ओळखीचा आहे.

दुसरा वास बुरशीचा. त्याला जुन्या ज्ञानाचा सुगंध म्हणणं म्हणजे दम्याला आमंत्रण. पानांवर तांबूस ठिपके, पुठ्ठ्यावर मखमली पांढरा थर, आणि हुंगताच घशात खवखव, ही त्याची लक्षणं. असं पुस्तक इतरांपासून आधी वेगळं काढायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही, सावलीत पंख्याच्या वाऱ्यात पुरतं वाळवायचं आणि मग मऊ ब्रशने, उघड्यावर, तोंडाला मास्क लावून झटकायचं. ओला बुरा कधीही पुसू नये. तो कागदात आणखी आत जातो. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असो, एशियाटिक सोसायटी असो, या हवेत शंभर-सव्वाशे वर्षं ग्रंथ टिकवणं हा रोजचा लढा आहे, आणि तो वाचकांच्या लक्षात क्वचितच येतो.

चित्रपटांच्या फिती मात्र वासाने मरण जाहीर करतात. जुनी, पेट घेणारी नायट्रेटची फीत जाऊन १९४८मध्ये सेल्युलोज ट्रायॲसिटेटची सुरक्षित फीत आली. दहा वर्षं व्हायच्या आत कोडॅक कंपनीकडे पहिली तक्रार गेली ती भारत सरकारची: उष्ण, दमट गोदामात ठेवलेल्या फिती सडून व्हिनेगरचा वास मारत होत्या. आज जगभर हा रोग 'व्हिनेगर सिंड्रोम' म्हणून ओळखला जातो. फितीतून सुटलेलं ॲसेटिक ॲसिड पुढच्या सडण्याला वेग देतं, आणि शेजारच्या डब्यातल्या चांगल्या फितीलाही घेऊन बुडतं. परळचं राजकमल, दादरचं रणजित, अशा स्टुडिओंच्या या पट्ट्यात किती डबे असे आंबले असतील, देव जाणे. ताडदेवला फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४पासून उरलेलं वाचवायच्या मागे आहे. घरातल्या निगेटिव्हनाही हाच नियम लागू. लग्नाच्या फोटोंच्या पाकिटातून आंबूस वास आला तर ती निगेटिव्ह आजच स्कॅन करून घ्या. वास घालवायचा उपाय नाही. वेळ किती उरलाय एवढंच तो सांगतो.

हे सगळे वास ओळखण्यात एक अडचण आपल्या नाकाचीच आहे. माणसाकडे वासाचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत, पण सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं नाक काही मिनिटांत थांबवतं. म्हणून स्वतःच्या घराचा वास कोणालाच येत नाही आणि पाहुण्याला उंबऱ्यातच येतो. गावाहून आल्यावर दार उघडताच घेतलेले पहिले दोन-तीन श्वास खरे; तेवढ्यात कपाटं उघडून हुंगायची, नंतर उपयोग नाही. नाहीतर स्पष्टवक्त्या आतेबहिणीला जेवायला बोलवावं.

चाळ सुटली म्हणजे वास सुटला, असं समजणाऱ्यांची निराशा होते. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या नव्या घरात जाताना लोक ट्रंका, गाद्या, कपाटं घेऊन जातात आणि वासाचा साठा त्यांच्याबरोबर जातो. त्यात नवी भर एसीची. पावसाळ्यात बाहेरची हवा २८ अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल तर तिचा दवबिंदू २५ अंशांच्या वर असतो. एसीने खोली आणि भिंती २३-२४ अंशांवर आणल्या आणि मग कोणी खिडकी उघडली, की आत शिरलेल्या हवेतलं पाणी थेट गार भिंतीवर आणि कपाटाच्या पाठीवर बसतं. चाळीत भिंत पावसाने ओली व्हायची, टॉवरमध्ये ती विजेचं बिल भरून ओली होते. पावसाळ्यात एसी लावायचा तर खिडकी बंद, खिडकी उघडायची तर एसी बंद आणि पंखा सुरू. कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढलेलं हवं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवता आला तर बुरशीचं काही चालत नाही.

खोली खरी वाळते ती ऑक्टोबरात. पाऊस थांबलेला, ऊन कडक, आर्द्रता उतरू लागलेली. नवरात्र-दिवाळीची साफसफाई नेमकी याच दिवसांत पडते. गाद्या गच्चीवर, ट्रंका उघड्या, भिंतींना चुना. ताज्या चुन्याचा सामू १२च्या वर असतो, त्यात बुरशी जगत नाही. वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड बनतो आणि तरीही भिंतीला श्वास घेऊ देतो. प्लॅस्टिक पेंटच्या जाहिराती काही म्हणोत, जुन्या विटांच्या भिंतीला याहून चांगला रंग नाही. बुरशीचे डाग पुसायला ब्लीच वापरणार असाल तर संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू होतो. ओलीच्या घरांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २००९मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. तिथे उद-धूप जाळून वास झाकायचा म्हणजे आजारी छातीत धुराची भर.

शेवटी डांबराच्या गोळ्या. नाव बरोबर आहे: नॅफ्थलीन दगडी कोळशाच्या डांबरातूनच काढतात. ती गोळी न वितळता थेट वायू होते, कसर आणि झुरळांना पळवते. बुरशीला ती अडवत नाही, ओल शोषत नाही. कुबट वासावर फक्त दुसरा, अधिक उग्र वास चढवते. एवढंच असतं तर चाललं असतं. पण काही बाळांमध्ये जन्मतः जी-६-पीडी नावाचं विकर कमी असतं. अशा बाळाच्या अंगात नॅफ्थलीन गेलं तर तांबड्या पेशी भराभर फुटतात, कावीळ चढते आणि ती मेंदूपर्यंत इजा करू शकते. ही कमतरता मुलग्यांत जास्त दिसते, आणि मुंबईच्या पारशी समाजात तिचं प्रमाण बरंच जास्त आढळलं आहे. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा विकारांवर अनेक दशकं काम चालू आहे. आणि आपल्याकडे बाळ घरी आलं की पहिलं काय होतं? वर्षानुवर्षं डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली मोठ्या भावंडांची टोपडी, कुंच्या, गोधड्या प्रेमाने बाहेर काढून, नुसत्या झटकून त्याच्या अंगावर घातल्या जातात. घरात बाळ येणार असेल तर हे कपडे महिनाभर आधी काढा, बरेच दिवस उन्हात आणि वाऱ्यात ठेवा, मग धुवा आणि पुन्हा उन्हात वाळवा. एवढं करूनही गोळीचा वास येत असेल तर ते कपडे बाळाला घालू नका, आणि त्या ट्रंकेत पुन्हा गोळी टाकू नका.